अंगठ्याखालची शर्यत

कवितेचं रसग्रहण होतं, चित्राचं होतं, गाण्याच्या बैठकीचंही होतं. खेळण्याचं सहसा होत नाही. पण काही खेळणी इतक्या विचाराने घडवलेली असतात की त्यांच्यासमोर निवांत बसावं, एकेक अंग निरखावं आणि करणाऱ्याने हे असंच का केलं असेल, हे शोधावं. इंग्लंडमधलं स्केलेक्सट्रिक हे असं एक खेळणं आहे. तुकडे जोडून केलेला काळा रस्ता, त्यात दोन अरुंद खाचा, आणि पोटाखालचं पातं खाचेत घालून विजेवर पळणाऱ्या, वीतभरही लांब नसलेल्या शर्यतीच्या गाड्या.

माझ्यापुढे आहे तो १९६०च्या दशकातला संच. दक्षिण इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी लोक मैदानात मोटारी उभ्या करतात आणि डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला मांडतात, तिथून तो आला. खोक्याचे कोपरे फाटलेले, पट्ट्यांवर गंज, वायरी कडक झालेल्या, टायर टणक. आत दोन गाड्या होत्या, खऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या प्रतिकृती, एक व्हॅनवॉल आणि एक लोटस. दोन्ही मुक्या. असा संच काचेच्या कपाटात ठेवणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. या वस्तूचा अर्थ तिच्या चालण्यात आहे. ती चालू केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलणं म्हणजे संहिता न उघडता नाटकावर बोलणं. तेव्हा या खेळण्याचं रसग्रहण दुरुस्तीच्या टेबलावरच होऊ शकतं.

आधी त्याचा कर्ता. फ्रेड फ्रान्सिस हा हत्यारं आणि साचे बनवणारा कारागीर. त्याने १९४७ मध्ये मिनिमॉडेल्स ही कंपनी काढली आणि १९५२ मध्ये ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांना चावीचं भोक नव्हतं. पोटाखाली एक पाचवं चाक होतं. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की त्या चाकाने स्प्रिंग गुंडाळली जाई, आणि सोडली की गाडी सुटे. गाड्या खूप खपल्या, मग खप उतरला. विजेवर रस्त्याने धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी तेव्हाही होत्या, पण त्यांत एक उणीव होती : गाडी आपली फिरत राहायची आणि मूल बघत बसायचं. फ्रान्सिसच्या नजरेने हेच हेरलं. त्याने रस्त्याला खाच दिली, खाचेला धातूच्या पट्ट्या दिल्या, आणि पूर्वी जिथे पाचवं चाक होतं त्याच जागी वीज उचलणारं चाक बसवलं. प्रत्येक खाचेचा विद्युतमार्ग वेगळा ठेवला, त्यामुळे प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा चालक मिळाला. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्सट्रिक मांडलं गेलं. मागणी इतकी आली की पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, ट्राय-अँग हा प्रसिद्ध छाप चालवणाऱ्या लाइन्स ब्रदर्सने मिनिमॉडेल्स विकत घेतली. १९६० पासून पत्र्याची जागा प्लॅस्टिकच्या कायेने घेतली आणि रबरी रस्त्याच्या जागीही लवकरच प्लॅस्टिक आलं.

आता रस्त्याचा एक तुकडा हातात घेऊ. वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला आहे, टायरला पकड मिळावी म्हणून. मधोमध खाच, आणि खाचेच्या दोन्ही काठांवर कल्हईसारखा पातळ थर दिलेल्या पोलादी पट्ट्या. एक पट्टी वीज नेते, दुसरी परत आणते. तुकड्याच्या टोकाला प्रत्येक पट्टी थोडी पुढे आलेली असते आणि शेजारच्या तुकड्याच्या पट्टीला दाबून बसते. यात स्क्रू नाही, डाग नाही, झाकण नाही. लहान मुलाने जमिनीवर बसून दोन हातांनी रस्ता जोडायचा, आणि तो जोडता जोडता त्याच्या नकळत विजेचं मंडलही पूर्ण व्हायचं. एकाच कृतीत दोन्ही कामं होतात. चांगल्या रचनेची खूण मला इथे पहिल्यांदा दिसते.

याच सांध्यांत म्हाताऱ्या संचाचं बहुतेक दुखणं असतं. गंजाचा पातळ थर वीज पूर्ण अडवत नाही, थोडी थोडी खातो. सांधे मालिकेत असल्याने ही घट वाढत जाते आणि रस्त्याच्या पार पलीकडच्या टोकाला गाडी धापा टाकू लागते. इथे रचनेतली एक खुबीची गोष्ट कळते. रस्ता गोल फिरून परत येतो, म्हणून गाडीकडे वीज दोन्ही बाजूंनी पोहोचते. एखादा सांधा पूर्ण निकामी झाला तरी गाडी थांबत नाही, कारण दुसऱ्या बाजूने वीज येतच असते. मुलांच्या खेळात हा मोठा आधार, पण दुरुस्ती करणाऱ्यासाठी मोठा चकवा. गाडी चालते म्हणून रस्ता ठीक आहे असं समजावं, तर खराब सांधा खुशाल लपून बसलेला असतो. म्हणून रस्ता गोल न जोडता सरळ पसरायचा, एका टोकाला वीज द्यायची, ती वाहती राहावी म्हणून दुसऱ्या टोकाला छोटा दिवा लावायचा आणि मल्टीमीटर घेऊन सांध्यासांध्याने पुढे सरकायचं. ज्या सांध्यावर आकडा धाडकन खाली येतो, तो आपला.

पट्ट्या साफ करायला मी आधी साधं खोडरबर वापरतो. त्याने काम झालं नाही तर अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही पट्टीच्या लांबीच्या दिशेने आणि हलक्या हाताने. वरचा थर खरवडून काढला तर खालचं पोलाद उघडं पडतं आणि गंज दुप्पट वेगाने परत येतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं. तारेच्या घासणीला मात्र या कामात थारा नाही. तिचे सूक्ष्म तंतू खाचेत उरतात, गाडीतल्या मोटरचं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर आतून शॉर्ट होते. सांध्याची पट्टी सैल झाली असेल तर नाजूक पकडीने किंचित दाबायची. इतकंच. साठ वर्षांनी एवढ्याने बरा होणारा रस्ता ज्याने बनवला, त्याच्या साध्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

साफ करताना रस्ता वाचताही येतो. वळणांच्या तुकड्यांवर बाहेरच्या अंगाला टायरचे काळे फराटे आहेत, सरळ तुकड्यांवर जवळजवळ नाहीत. एका वळणाच्या कडेला प्लॅस्टिक ओरखडलेलं आहे, आणि ओरखडे सगळे एकाच दिशेचे आहेत. लांब सरळ रस्त्यानंतर येणारं वळण तेच असणार. तिथे गाड्या उडाल्या, पुन्हा पुन्हा उडाल्या. ज्या मुलांनी हे केलं ती आज सत्तरीच्या आसपास असतील. ते फराटे मी पुसले नाहीत.

गाड्यांची गोष्ट याहून सुंदर आहे. १९६० मध्ये प्लॅस्टिकच्या काया घेऊन ज्या पहिल्या गाड्या आल्या त्यांत लोटस १६ आणि व्हॅनवॉल होत्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघी बहिणी वाटतात : लांब निमुळतं नाक, फुगीर कुशी, उंच बसलेला चालक, मागे सरकत जाणारी शेपटी. हे साम्य खेळणं करणाऱ्याच्या आळसातून आलेलं नाही, ते खऱ्या गाड्यांतलंच आहे. बेअरिंगचे कारखानदार टोनी व्हँडरव्हेल यांच्या व्हॅनवॉलचा सांगाडा कॉलिन चॅपमनने आखला आणि हवेला कापत जाणारी तिची काया फ्रँक कॉस्टिनने. मग चॅपमनने स्वतःच्या लोटससाठी १६ क्रमांकाची गाडी केली, तेव्हा तिची कायाही कॉस्टिनचीच होती. लोक तिला छोटी व्हॅनवॉलच म्हणत. म्हणजे बैठकीच्या खोलीत सतरंजीवर भिडणाऱ्या या दोन गाड्या एकाच जोडीच्या हातच्या होत्या.

स्केलेक्सट्रिक बाजारात आलं त्याच वर्षी, जुलै १९५७ मध्ये, एन्ट्रीच्या ब्रिटिश ग्रां प्रीत टोनी ब्रूक्स आणि स्टर्लिंग मॉस यांनी मिळून एक व्हॅनवॉल पहिली आणली. जागतिक अजिंक्यपदाची शर्यत ब्रिटिश गाडीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९५८ मध्ये गाडी बनवणाऱ्यांसाठीचं अजिंक्यपद सुरू झालं आणि ते पहिलंवहिलं पद व्हॅनवॉलने घेतलं. त्याच मोसमाच्या अखेरीला मोरोक्कोतल्या शर्यतीत व्हॅनवॉलचा तरुण चालक स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि काही दिवसांत गेला. व्हँडरव्हेल यांचीही प्रकृती खालावली होती. १९५९च्या आरंभी त्यांनी पूर्ण संघ मैदानात उतरवणं थांबवलं. खेळण्यातली व्हॅनवॉल आली ती त्यानंतर. तोवर इंजिन मागे असलेल्या कूपर गाड्यांनी पुढे इंजिन असलेल्यांचा जमाना संपवत आणला होता. मुलांच्या हातात पडलेली ही गाडी तेव्हाच आठवणीत जमा झालेली होती. हे ठाऊक झाल्यावर तिचं लांब नाक वेगळं दिसू लागतं.

तळाचा स्क्रू काढून काया उचलली की आतलं सगळं एका नजरेत येतं. मोटर उघड्या चौकटीची. चुंबक, तांब्याच्या तारेचं आर्मेचर, कम्युटेटर, त्यावर टेकलेले दोन कार्बनचे ब्रश आणि त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा, सगळं डोळ्यांना दिसतं आणि चिमट्याला पोहोचतं. मोटरच्या दांड्यावरचं छोटं पिनियन मागच्या आसावरच्या क्राउन गिअरला फिरवतं. आर्मेचरला तीन ध्रुव आहेत. तीनच का, हा प्रश्न मला फार आवडतो. दोन ध्रुव असते तर मोटर कधीतरी नेमक्या अशा जागी थांबली असती की वीज देऊनही ती हलली नसती. बोटाने ढकलावी लागली असती. तिसरा ध्रुव आला की कुठल्याही जागी थांबली तरी एखादा ध्रुव ओढला जातोच. शर्यतीत सगळ्यांनी एकाच क्षणी सुटायचं असतं, तिथे हा तिसरा ध्रुव न्यायाची बाजू सांभाळतो.

या मोटरला बरं करायला लागतात संयम आणि चांगला उजेड. कम्युटेटरच्या तीन फाकांमध्ये ज्या बारीक फटी असतात त्यांत कार्बनची काळी भुकटी आणि जुनं तेल मिळून पुट बसलेलं असतं. वीज त्या पुटातूनच पळते, आर्मेचर फिरत नाही, नुसतं तापतं. लाकडी दातकोरणीचं टोक त्या फटीतून ओढलं की काळा मळ गोळीसारखा सुटून येतो आणि खाली तांबं चमकतं. दोन्ही बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब, तोही सुईच्या टोकाने. जास्त झालं तर तेल कम्युटेटरवर जाऊन सगळी मेहनत वाया. मग कमी व्होल्ट देऊन पाहायचं. आधी एक झटका, मग अडखळती घरघर, ब्रशाखाली निळ्या ठिणग्या, आणि हळूहळू तो आवाज गोळीबंद होत एका सुरात येतो. पाठोपाठ तो वास येतो : ठिणग्यांनी हवेत तयार होणारा ओझोन आणि गरम तेल. ज्यांनी लहानपणी हे खेळणं खेळलं आहे, ते या वासाबद्दल आधी बोलतात आणि गाडीबद्दल नंतर.

इथे एक फसवी गोष्ट नोंदवायला हवी. जुनं चुंबक अशक्त झालं की मोटर मंद होईल असं आपल्याला वाटतं. टेबलावर ती उलट जास्त गरगरते. पण गाडीत बसवून रस्त्यावर ठेवली की जोर नसतो, वीज जास्त खाते आणि तापते. नुसत्या आवाजावर भुलू नये. चुंबकाला पुन्हा बळ देणारी यंत्रं या छंदातल्या लोकांकडे असतात, त्यांची मदत घ्यावी.

पोटाखालच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या फिती असतात, त्याच पट्ट्यांवर घासत वीज उचलतात. त्या झिजून पिंजल्या होत्या, बदलल्या. टायरही बदलले. नव्या फिती आणि टायर आजही बनतात आणि सहज मिळतात. नव्या फिती टोकाशी किंचित खाली वाकवून थोड्या पिंजाव्या लागतात. फार खाली वाकवल्या तर पातं खाचेतून वर उचललं जातं.

आता या खेळण्याच्या गाभ्याकडे येतो : हातातला कंट्रोलर. मुठीत धरायचा, वर एक दांडी, ती अंगठ्याने दाबायची. उघडून पाहिला तर आत रोधक तारेचं वेटोळं आणि त्यावरून सरकणारी पितळी पट्टी. दांडी जितकी खाली, तितकी कमी तार वाटेत, तितका जास्त वेग. माझ्या संचातल्या एका कंट्रोलरचं वेटोळं खालच्या टोकाला घासून लखलखीत झालं आहे आणि वरची वेटोळी अजून काळवंडलेली आहेत. या हाताने गाडी हळू चालवलीच नाही. दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मधली वेटोळी उजळली आहेत. तो चालक वेगळ्या स्वभावाचा होता, आणि मला खात्री आहे, जास्त शर्यती त्यानेच जिंकल्या असतील.

कारण या खेळाचं सगळं मर्म अंगठा दाबण्यापेक्षा उचलण्यात आहे. दाबता कोणालाही येतो. गाडीला सुकाणू नाही, ब्रेकचं पेडल नाही, दिशा खाचेने ठरवून टाकली आहे. चालकाच्या हाती उरतो फक्त वेग, आणि त्यातही त्याला खरा निर्णय एकच घ्यायचा असतो : कुठे सोडायचं. वळणाच्या थोडं आधी अंगठा सैल होतो, गाडी वळणात शिरते, पातं खाचेत घट्ट राहतं आणि मागचा भाग बाहेर सरकू लागतो. ती सरक थोडी हवीच असते. ती अंदाजाबाहेर गेली की पातं सुटतं आणि गाडी सतरंजीवर उलटी. सरक ऐन रंगात असताना अंगठा पुन्हा हलकेच दाबायचा, मग मागची चाकं जोर धरतात आणि गाडी सरळ होत वळणाबाहेर झेपावते. हे सगळं एका श्वासात घडतं. १९५०च्या दशकातले खरे चालक अरुंद टायरांवर गाडी अशीच तिरपी सरकवत वळणं घेत. चालवण्याची इतकी सारी साधनं काढून टाकूनही फ्रान्सिसने त्या काळच्या शर्यतीचा नेमका प्राण राखला, ही या खेळण्यातली सगळ्यात मोठी कलाकृती आहे असं मी म्हणेन.

आणि हा वेग नुसता भासाचा नसतो. गाडी खऱ्याच्या १/३२ मापाची. ती सेकंदाला ३ मीटर गेली तर मापाच्या हिशेबाने तो वेग ताशी सुमारे ३४६ किलोमीटर होतो. वळणाचं गणित आणखी गमतीचं आहे. रस्त्याची पकड तीच धरली आणि गाडीबरोबर वळणही ३२ पटीने लहान केलं, तर वळण घेण्याचा कमाल वेग ३२ पटीने कमी होत नाही, ३२च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे साडेपाच पटीने होतो. म्हणून ही छोटी गाडी वळणात आपल्या मापाच्या मानाने अचाट वेगाने जाते आणि बघणाऱ्याची नजर तिच्यामागे धावत राहते.

पुढच्या काळात गाड्यांच्या तळाशी चुंबकं बसवली गेली. ती पोलादी पट्ट्यांना चिकटून राहतात, त्यामुळे गाडी वळणात भिंगरीसारखी पळते, सरकत नाही, आणि जेव्हा सुटते तेव्हा कसलीही सूचना न देता सुटते. लहान मुलांना यातून लवकर यश मिळतं, हे खरं. पण सरक गेली तिथे अंगठ्याचं शहाणपणही गेलं. नव्या गाडीतलं चुंबक एकदा काढून पाहावं, म्हणजे मी काय म्हणतो ते दोन फेऱ्यांत कळेल.

काही गोष्टी मी मुद्दाम बऱ्या केल्या नाहीत. व्हॅनवॉलची समोरची काच तुटलेली आहे, नाकावरचा हिरवा रंग ओरखडून उडालेला आहे. बाजारात हुबेहूब सुटे भाग मिळतात, नवा रंगही देता येतो. पण तो ओरखडा त्या वळणाचा आहे, ज्याच्या कडेचं प्लॅस्टिक त्याच दिशेने खरवडलेलं आहे. ते दोन पुरावे एकमेकांना धरून राहू देत. चालण्यासाठी जे लागतं ते नवं घालावं, दिसण्यासाठी जे लागतं ते आहे तसं ठेवावं, हा माझा नियम. काढलेले जुने टायर आणि फिती एका पिशवीत घालून खोक्यातच ठेवल्या आहेत. पुढच्या माणसाला काय बदललं ते समजलं पाहिजे.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत मात्र कसलीही भावना आड येऊ देऊ नये. तो थेट घरातल्या २४० व्होल्टच्या विजेला जोडायचा असतो. त्याच्या वायरीवरचं रबर वाळून तडकलेलं असतं. काहींच्या आत सेलेनियमचे रेक्टिफायर असतात आणि ते जळाले तर विषारी धूर सोडतात. माझ्या संचातला मी खोक्यात ठेवून दिला आणि त्याची वायर कापून टाकली, कोणी चुकून लावू नये म्हणून.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना असं खोकं रविवारच्या बाजारात किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या माळ्यावर दिसेल. दिसलं तर घ्या. १२ व्होल्टचा, डीसीचा, शॉर्ट झाल्यावर आपोआप बंद होणारा नवा पुरवठा आणा, पट्ट्या साफ करा आणि रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला प्रत्येक खाचेसाठी दोन जादा वायरी नेऊन जोडा, म्हणजे गाडी तिथे मंदावणार नाही. मग घरातल्या मुलांच्या हातात कंट्रोलर द्या आणि पहिल्या दहा फेऱ्या त्यांना काही शिकवू नका.